चौदा बिटांचा काळा

कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं ते लेकीच्या, अंबीच्या रांगण्यानं. पुढे यायचं सोडून उलटी मागे मागे सरकत कपाटाखाली शिरणारी अंबी, तिथून ओढून काढली की पुन्हा तशीच सरकणारी अंबी, असे एकोणतीस व्हिडिओ. दुसरं कार्ड लालबागला घरीच राहिलं होतं, बहुधा टीव्हीच्या मागे. आणि इथे गिरगावात, आनंदीबाईंच्या खोलीत, ट्रायपॉड उभा करून झाल्यावर अपेक्षाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकडा दिसला: अजून एकसष्ट फोटो मावतील. दिवसभराच्या कामाला एकसष्ट म्हणजे काहीच नाही.

व्हिडिओ कुठेच उतरवून ठेवलेले नव्हते. एक पुसायचा म्हणून तिनं बोट नेलं, आणि अंबीचा कपाटाखालून बाहेर राहिलेला तळवा दिसला तशी मागे घेतलं. मग तिनं मेनू उघडला आणि रॉ फाइलचा प्रकार बदलून ‘कंप्रेस्ड’ केला. फायली निम्म्या झाल्या, आकडा दुप्पट झाला. प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट अर्ध्या तासानं घडली. अंबी आनंदीबाईंच्या पलंगावर, दोन लोडांच्या मध्ये, एकदाची झोपली. शटर वाजलं की झोपेत तिचा खालचा ओठ थरथरायचा. दोनदा थरथरला. तिसऱ्यांदा उठली असती तर दिवसच गेला असता. अपेक्षानं शटर सायलेंट केलं.

या कॅमेऱ्यात कंप्रेस्ड आणि सायलेंट एकत्र आले की चौदा बिटांची फाइल गुपचूप बारा बिटांवर येते. पडद्यावर तसं लिहून येत नाही, माहीत असावं लागतं. अपेक्षाला ते माहीत होतं. अंबी व्हायच्या आधी दादरच्या स्टुडिओत नवीन येणाऱ्यांना ती हेच शिकवायची. त्या दुपारी मात्र तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: पोरगी उठता कामा नये.

काम होतं दागिन्यांचं. हलव्याच्या दागिन्यांचं. दादरचा प्रकाशक अनिश गिरगावातल्या घरगुती कलांवर पुस्तक काढत होता आणि त्यात एक प्रकरण आनंदीबाईंचं होतं. ब्याऐंशी वर्षांच्या या बाईंच्या हलव्याला असा काटा येई की दाणा बोटावर ठेवला तर टोचे. पणतू नीलच्या बोरन्हाणासाठी त्यांनी यंदा मुकुट, हार, बाजूबंद, तोडे आणि बासरी असा पुरता साज केला होता. पाच दिवस शेगडीपुढे बसून, परातीत चमचा-चमचा पाक घालत, बोटांनी हलवत. मग आठ दिवस ओवणी.

“हे शेवटचं,” त्या म्हणाल्या होत्या. “हात बघ.” त्यांनी हात पुढे केला. तो जागच्या जागी हलत होता, पंख्याखालच्या कागदासारखा.

दागिने मांडले होते त्यांच्याच काळ्या चंद्रकळेवर. पुस्तकाची आख्खी दोन पानं या एका फोटोला द्यायची असं अनिशचं ठरलेलं होतं. अकरा महिन्यांनंतरचं अपेक्षाचं हे पहिलं काम.

पांढऱ्याशुभ्र साखरेचा काटा जळून नुसता पांढरा डाग होऊ नये म्हणून तिनं उजेड कमी धरला, आणि साडी अंधारात गेली. त्याचं तिला काही वाटलं नाही. अंधारातलं नंतर वर काढता येतं, रॉ फाइल त्याचसाठी तर असते.

त्या संध्याकाळी अंबीला ताप भरला. तीन दिवस उतरेना. संक्रांत आली नि गेली. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारणींना कमलताईंनी दारातूनच परत पाठवलं. कमलताई म्हणजे अपेक्षाच्या सासूबाई. मूळच्या मालवणच्या, सासरे गिरणीत होते तेव्हापासून लालबागेत. कॅमेरा बॅगेत तसाच पडून राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी ताप उतरला, अंबी कमलताईंच्या मांडीवर झोपली आणि अपेक्षानं लॅपटॉप उघडला. पहिल्या नजरेला फोटो सुरेख होते. तिनं एक निवडला आणि साडीचा अंधार दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वर उचलला.

चंद्रकळा वर आली नाही. तिच्या जागी वर आले पट्टे. काळा, जरा कमी काळा, मग एकदम जांभळट, कुठे हिरवट. वीण नाही, सूत नाही. साडी नव्हेच ती, डांबर पसरलं होतं. तिनं शंभर टक्के मोठं करून मुकुटाची कड पाहिली. प्रत्येक दाण्याभोवती करवतीचे दाते कापल्यासारखे चौकोनी तुकडे उठले होते.

तिनं फाइलची माहिती उघडली. बारा बिट. कंप्रेस्ड.

“काय झाला गो?” कमलताईंनी हळूच विचारलं. “तोंड असा कित्याक केलंस?”

“काही नाही.”

“काय नाय कसा? चेडवाचो ताप उतरलो आणि तुझा तोंड उतरला.”

अपेक्षा मनात हिशेब मांडत होती. चौदा बिटांत उजेड मोजायच्या सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी पायऱ्या. बारा बिटांत चार हजार शहाण्णव. त्यातल्या निम्म्या पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपलाच जातात, उरलेल्यातल्या निम्म्या त्याच्या खालच्याला, आणि असं उतरत उतरत अगदी तळाला, जिथे चंद्रकळा होती, तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. तेवढ्यात सगळी साडी बसवायची. बसणार कशी?

पुन्हा काढू, असं तिच्या मनात आलं आणि त्याच क्षणी विझलं. काल नीलचं बोरन्हाण झालं होतं. आनंदीबाईंची नातसून नूपुर हिनं फोटो पाठवला होता. काळ्या झबल्यातला नील पाटावर, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओघळताहेत, आणि वाडीतल्या पोरांनी गलका करून हल्ला चढवलाय. पुढच्या फोटोत मुकुटाचा नुसता पुठ्ठा उरलेला. हार एका पोरीच्या तोंडात. आनंदीबाईंच्या घरचा रिवाज असा की अंगावर चढलेला हलवा दुसऱ्या वर्षी ठेवायचा नाही, पोरांनी खाऊन संपवायचा. संपवला होता.

म्हणजे नूपुरचे ते फोटो सोडले तर जगात त्या साजाचं जे काही उरलं होतं, ते या फायलींत होतं. आणि फायलींत ते पुरतं नव्हतं.

अनिशला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो वयानं तिच्याएवढाच, बोलायला गोड, कामाला घाईचा.

“अगं, एवढंच ना? पाठव इकडे. मी नॉइज काढतो. आजकाल सॉफ्टवेअर काय काय करतं.”

तासाभरात त्यानं साफ केलेला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘झकास!’

काळा आता एकसारखा काळा होता, मखमलीसारखा. करवतीचे दाते गेले होते. त्यांच्याबरोबर काटाही गेला होता. दाणे गुळगुळीत, गोल. साबुदाण्याचा मुकुट.

“काटा गेला अनिश,” तिनं पुन्हा फोन लावला.

“छापल्यावर कोणाला कळणारे?”

“आजींना.”

“ब्याऐंशीच्या आहेत त्या. मोतीबिंदू असेल.”

“ऑपरेशन झालंय दोन्ही डोळ्यांचं. त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त दिसतं.”

अनिश हसला, मग हसायचा थांबला. “हे बघ, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी फायली छापखान्यात जायच्या. तोवर तुझ्याकडे दुसरं काही असेल तर दे. नसेल तर हाच जाईल. मला दोन पानं कोरी सोडता येत नाहीत.”

म्हणजे आठ दिवस.

ती रात्रभर तळमळली वगैरे नाही. अंबी दोनदा उठली, तीही दोनदा उठली, एवढंच. सकाळी पोळ्या लाटताना तिनं ठरवून टाकलं की आजींना दाखवायचं. न दाखवता छापलं तर पुस्तक हातात पडल्यावर त्या काय म्हणतील ते ऐकायला आपण तिथे नसू, आणि तेच जास्त वाईट.

“पोरीक घेऊन जातंस?” कमलताईंनी विचारलं.

“घरी ठेवली तर तुम्हाला जमेल?”

“माका जमात. तिका नाय जमणार. घेऊन जा.”

लालबागहून बसनं ती गिरगावात उतरली, अंबी पोटाशी बांधलेली, लॅपटॉप पाठीवर. आनंदीबाई गॅलरीत गहू निवडत बसल्या होत्या.

“ये गं. ताप उतरला का हिचा? ये, ये, दे इकडे.” अंबीला मांडीवर घेत त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. “आणलेस फोटो? बघू.”

अपेक्षानं आधी अनिशनं साफ केलेला फोटो लावला. आनंदीबाई पुढे झुकल्या. बराच वेळ पाहिलं. मग पडद्यावर बोट टेकवलं, ते तिथेही थरथरत होतं.

“हे कोणाचे?”

“तुमचेच, आजी.”

“छे! काटा कुठाय? हे असले दुकानात मिळतात प्लॅस्टिकच्या पिशवीत. पाक घट्ट झाला आणि एकदम ओतला की असा गोटा होतो. माझ्या हातून कधी झालाय असा?”

“नाही झाला. माझ्या हातून झाला,” अपेक्षा म्हणाली, आणि मूळचा फोटो लावला, पट्ट्यांसकट, दात्यांसकट.

आनंदीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. “आता मला कळेल असं सांग काय केलंस ते.”

“आजी, कॅमेरा म्हणजे नुसता मोजतो. इथे किती उजेड, तिथे किती उजेड. मोजायची पट्टी असते. मी त्या दिवशी चुकून जाड खुणांची पट्टी लावली.”

“म्हणजे शिंप्याच्या टेपवर नुसते इंच, मधलं काही नाही.”

“तसंच. उजेडात ते खपतं. काळ्यात नाही खपत, काळ्यात सगळं अर्ध्या-पाव इंचाचंच असतं.”

“बरं. आणि हे दाते?”

“ते जागा वाचवायच्या नादात. सोळा-सोळा ठिपक्यांचा एक गट करतो कॅमेरा. त्यातला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा नीट लिहून ठेवतो, मधल्यांचं साधारण. भिंत असती, आकाश असतं, तर कळलंही नसतं. इथे एकाच गटात तुमची साखरही आली आणि साडीही आली.”

“मधल्यांचं साधारण,” आनंदीबाई म्हणाल्या. “अगं, काटा मधलाच असतो की! धड पांढरा नाही, धड काळा नाही. उजेड आरपार जातो त्यातून.”

असं अपेक्षाला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

“मग त्याच दिवशी का नाही बोललीस? रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं बोरन्हाण. नीलला मी चार दिवसांनी बसवला असता पाटावर.”

“पाहिलंच नाही मी, आजी. घरी गेले ती हिला ताप.”

आनंदीबाईंनी अंबीच्या कपाळाला हात लावून पाहिला, जणू आताही खात्री करून घ्यायची होती. “ते खरं,” त्या म्हणाल्या. “तान्ह्या पोराचा ताप म्हणजे दुसरं काही सुचत नाही. पण मुकुट गेला.”

“गेला.”

“तुझ्या हातून गेला.”

“हो.”

अंबीनं गव्हाच्या ताटात हात घातला, तो आनंदीबाईंनी न बघताच बाहेर काढला. मग त्या आत गेल्या आणि एक पितळी डबा घेऊन आल्या. त्यात दोन वाट्या हलवा होता, कापसाच्या घडीखाली.

“ओवून उरला तो. फोटोपुरतं यातलं करू, पण ओवणार तू. मला आता नाही जमायचं, आठ दिवस ओवला तेव्हाच नूपुर ओरडत होती.”

हलव्याच्या दाण्याला भोक नसतं. दोऱ्याचा फास करायचा, दाणा त्यात धरायचा आणि फास आवळायचा. कमी आवळला तर दाणा गळतो, जास्त आवळला तर काटा मोडतो. अपेक्षा तीन दुपारी गिरगावात येऊन बसली. आनंदीबाई अंबीला खेळवत आणि तोंडानं शिकवत.

“हळू. साखर आहे ती, सुपारी नव्हे.”

“हळूच करतेय.”

“हे हळू? मोडला बघ. घे, खाऊन टाक.”

पहिल्या दिवशी अपेक्षानं ओवला त्याहून जास्त खाल्ला. तिसऱ्या दिवशी मुकुटाचं एक पान तयार झालं. आनंदीबाईंनी ते हातात घेऊन उजेडात धरलं, फिरवलं.

“चांगलं झालंय,” त्या म्हणाल्या. “पहिल्या-पहिल्यांदा आमचं याहून वाईट व्हायचं. पण याच्याखाली माझं नाव घालायचं नाही.”

“अहो, हलवा तुमचाच आहे ना.”

“हलवा माझा. मुकुट तुझा. फोटोत जे आहे तेच खाली लिहावं.”

अपेक्षानं दोरा खाली ठेवला. डब्यात आता जेमतेम वाटीभर हलवा उरला होता आणि बोटांना साखर चिकटली होती. तिनं एक दाणा तळहातावर घेतला. खिडकीतल्या उन्हात त्याच्या प्रत्येक काट्याच्या टोकाला एक बारीक पाणीदार कड दिसत होती.

“आजी, न ओवताच काढू का?”

“काय?”

“हलवाच. नुसता. साडीवर पाच-सहा दाणे, पण पान भरून एवढाले.” तिनं दोन्ही हातांनी कलिंगडाएवढा आकार दाखवला. “आणि तुमचा साज, त्या दिवशीचा, छोटा छापायचा. पोस्टकार्डाएवढा. तेवढ्यात माझी चूक दिसत नाही, मी छापून पाहिलंय.” तिनं पर्समधून दादरला काढलेला नमुना पुढे केला.

आनंदीबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “एवढ्यात दिसतोय काटा. का मला ठाऊक आहे म्हणून दिसतोय?”

“थोडं तसंही असेल.”

“खरं बोलतेस ते बरंय.” नमुना त्यांनी मांडीवर ठेवला. “पण नुसता हलवा कोण बघणार बाई? मुकुट बघतात, बासरी बघतात. हलवा काय, वाण्याकडे मिळतो.”

“असा मिळतो?”

“असा नाही मिळत,” आनंदीबाई म्हणाल्या. आणि मग जराशा खालच्या आवाजात, “ओवणी काय, माझ्या जावाही ओवायच्या. परात मात्र माझ्याशिवाय कोणी धरली नाही.”

अनिशला फोन गेला. तो आधी “दाणे?” म्हणाला, मग “किती दाणे?” म्हणाला, मग “बरं, काढ तर खरं, पाहू,” म्हणाला.

रथसप्तमीच्या सकाळी अपेक्षा नवं कार्ड घालून आली. रिकामं, एकही अंबी नसलेलं. जुन्या कार्डावरचे एकोणतीस व्हिडिओ आदल्या दिवशी दोन ठिकाणी उतरवून झाले होते. अनकंप्रेस्ड, चौदा बिट, यांत्रिक शटर. प्रत्येक गोष्ट तिनं तोंडानं म्हणून लावली, विमानाच्या पायलटसारखी. आनंदीबाईंनी दाणे स्वतः निवडले, चिमट्यानं, मनगट दुसऱ्या हातानं धरून. सहा दाण्यांना वीस मिनिटं लागली. अपेक्षानं मदत करू का असं एकदाही विचारलं नाही.

शटर खाडकन वाजलं. या वेळी जागी असलेली अंबी दचकली, आनंदीबाईंच्या खांद्यात तोंड खुपसून रडली, आणि पुढच्या खटक्याला मान वळवून पाहायला लागली. दहाव्या खटक्यापर्यंत तिला तो आवाज कॅमेरा आपल्यासाठी काढतोय असं वाटू लागलं होतं, आणि थांबला की ती ओरडत होती.

“आईला कामाला लावते बघ,” आनंदीबाई म्हणाल्या.

अपेक्षानं तिथेच लॅपटॉप उघडला. या वेळी घरी जाईपर्यंत थांबायचं नव्हतं. फाइल उघडली. दाणे जसेच्या तसे, काटा न् काटा. मग तिनं साडीचा अंधार वर उचलला. एक स्टॉप. दोन. अडीच.

काळा काळाच राहिला आणि तरी त्यात सगळं दिसायला लागलं. उभं सूत, आडवं सूत, सुताला आलेली जुनेपणाची बारीक लव. लाल काठ जिथे सुरू होतो तिथला मऊ वळसा. पट्टा नाही, डाग नाही. तिनं फोटो सरकवत सरकवत डाव्या कोपऱ्यापर्यंत नेला आणि थांबली.

“हे काय आलंय?” ती म्हणाली. “आजी, इथे काहीतरी आहे. विणीत वेगळं.”

आनंदीबाई अंबीला कडेवर घेऊन वाकल्या. कोपऱ्यात, एका दाण्याच्या सावलीजवळ, बोटभर जागेत सुतं जरा तिरकी गेली होती. काळ्यावर काळी. नुसत्या डोळ्यांनी कोणी शंभर वेळा साडी हाताळली असती तरी कळलं नसतं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “रफू माझं! खिळ्याला अडकली होती. सासूबाईंना कळू नये म्हणून दुपारी बसून भरलं. साडीतलंच सूत काढून, पदराच्या आतल्या बाजूचं.” त्या स्वतःशीच हसल्या. “त्या गेल्या तरी त्यांना पत्ता नव्हता.”

“पुस्तकात दिसेल हे,” अपेक्षा म्हणाली. “दोन पानं भरून. नको असेल तर मला काढता येईल, दोन मिनिटांचं काम आहे.”

आनंदीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. थरथरतं बोट त्यांनी त्या तिरक्या सुतांवरून फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“काढायचं कशाला? बघ की कसं भरलंय. एक टाका इकडचा तिकडे नाही.” आणि अंबीनं पडद्यावर आपटलेला ओला हात बाजूला करत म्हणाल्या, “खाली लिहायला सांग त्याला. हलवा माझा, रफूही माझं.”